मोतिया उतरवून मिळेल

तापीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती, ती अलीकडच्या टोकापासून थेट जैनाबादच्या चढापर्यंत. सवारी गाड्या, केळीचे टेम्पो, लग्नात मिळालेल्या मोटारी. सगळ्यांची तोंडं नदीपलीकडे आणि सगळ्यांचे हेडलाइट पिवळे, धुरकट, कावीळ झाल्यासारखे. होळी होऊन चार दिवस झाले होते. लोकांच्या कानामागचा रंग अजून गेला नव्हता, तेवढ्यात डोळ्यांवर दुसरा रंग चढला होता.

चढावरच्या पत्र्याच्या मांडवात उजेडबाबा बसला होता. पन्नाशीचा माणूस, दाढी कलप लावून काळी केलेली, पांढरी कफनी, समोर पितळी डबा. डब्यात राखाडी भस्म. शेजारी यादव नावाचा दांडगा चेला, हातात पाण्याचा तांब्या.

"गाडी म्हणजे देह, बेटा," बाबा सांगत होता. त्याची भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी, बऱ्हाणपुरात कोणालाच परकी वाटू नये अशी. "इंजन कलेजा. डिझेल खून. और लाइट? लाइट म्हणजे डोळे. मालक पाप बघतो आणि गाडीच्या डोळ्यात मोतिया उतरतो, मोतीबिंदू. आम्ही काय करतो? आम्ही फक्त पुसतो. करणेवाला तो वरचा."

इंजिनाला कलेजा म्हणणाऱ्या या माणसाने आयुष्यात बोनेट उघडलं नव्हतं. पण हात चालत होता. यादवने पाणी सोडलं, बाबाने भगवं फडकं भस्मात बुडवलं आणि हेडलाइटवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. दहा मिनिटांनी पाणी मारलं, दिव्यातल्या तेलाचा हात फिरवला आणि बाबा बाजूला झाला. पिवळी लाइट तान्ह्या पोराच्या डोळ्यासारखी लख्ख. गर्दीतून जयजयकार उठला. एक बाई गाडीच्या पाया पडली. गाडीला पाय नसतात म्हणून चाकाच्या पडली.

चुडामण मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. सातवी शिकलेला, वीस वर्षं पत्रा ठोकलेला माणूस. धाकटा भाऊ गिरधर त्याला ओढून घेऊन आला होता, कारण आज गिरधरच्या सवारी गाडीचा नंबर होता. चुडामण बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. मंत्र काढून टाका, राहतं काय? घासणं. तेच तो रोज दुपारी जेवणाआधी करत होता.

त्यात चमत्कार कसला? पूर्वीच्या जीपला खरी काच होती. ती फुटायची, पण धुरकट व्हायची नाही. मग देशाची दारं उघडली, बाहेरच्या मॉडेलांच्या गाड्या आल्या आणि त्यांच्या लाइटवर काचेच्या जागी प्लास्टिक आलं. लोक अजून तिला काचच म्हणतात. त्या प्लास्टिकवर कंपनी एक पातळ कातडं चढवते, उन्हापासून राखायला. बऱ्हाणपूरचं ऊन ते कातडं चार-पाच वर्षांत जाळतं. पिवळं पडतं ते हे जळकं कातडं. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, आधी जाड, मग बारीक, मग रबिंगची पेस्ट मारा, की ते निघतं आणि खाली नितळ प्लास्टिक लागतं. मात्र आता ते उघडं असतं. त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात मारले नाहीत तर ऊन त्याला पुन्हा खातं, आणि या वेळी वर्षं लागत नाहीत, दोन-तीन महिने पुरतात. बाबा लॅकर मारत नव्हता. तेल लावत होता. तेलाने घासल्याचे ओरखडे बुजतात आणि लाइट चमकते, पहिल्या धुण्यापर्यंत.

हे सगळं चुडामणला माहीत होतं. आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि तिच्यामुळेच त्याला जास्त हसू येत होतं. 'मोतिया' हा शब्द त्याचाच होता.

गॅरेजवर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: 'डेंटिंग. पेंटिंग. गाडीचा मोतिया उतरवून मिळेल.' गंमत म्हणून. ड्रायव्हर लोकांना ती इतकी आवडली की खंडव्यापासून रावेरपर्यंत धुरकट लाइटला मोतियाच म्हणायला लागले. आता बाबा तोच शब्द ओवाळत होता. "अरे, तुमच्या राजपुऱ्याचा मिस्तरीसुद्धा पाटीवर मोतिया लिहितो. अनपढ आहे, पर सच बोलून गेला."

गर्दीने वळून चुडामणकडे पाहिलं. बोलायची वेळ हीच होती. पण त्याने हसून नुसते हात जोडले. घरी बायकोला, आशाबाईला म्हणाला, बाबाने माझा माल चोरला. आशाबाईने विचारलं, मग तिथेच का नाही बोललात? तो म्हणाला, जाऊ दे, लाइट घासल्याने कोण मरतं?

वैशाखात त्याला उत्तर मिळालं.

गिरधर आईबरोबर दापोऱ्याला राहायचा. त्या रस्त्याला, दिवेलागणीच्या वेळी, गिरधरच्या गाडीखाली बैल आला. बाबाने घासून 'उघडलेल्या' लाइट उन्हाने पुन्हा पिवळ्या करून टाकल्या होत्या, आधीपेक्षा घाण. समोर काय आहे ते गिरधरला दिसलं तेव्हा बैल बंपरवर होता. एक शिंग मुळापासून उपटून रेडिएटरमध्ये घुसलं. मागचे पाय मोडले. अर्धा तास तो रस्त्यात खूर घासत राहिला आणि शेवटी मालकानेच दगडाने त्याला मोकळं केलं. गिरधर शेजारी उभा राहून ओकत होता. भित्रा नव्हता तो. पण त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर तो गाडी काढेना.

असा माणूस बाबाला सोन्यासारखा. गिरधर रडत जैनाबादला गेला, विचारलं, माझ्या गाडीचा मोतिया परत का आला? बाबाने डोळे मिटले आणि विचारलं, घरात कोणाच्या डोळ्यात मोतिया आहे?

होता. म्हाताऱ्या आईच्या, गोदाबाईच्या. दोन्ही डोळ्यांत.

"बस," बाबा म्हणाला. "तोच गाडीला लागू रायला. मूळ काढ, फांदी आपोआप सुकेल. रविवारी माईला आण. आधी उजवा डोळा उघडू."

बघा, खोटेपणाला किती सफाई असते. माल टिकला नाही तर माल विकणाऱ्याला कोणी धरत नाही. घरातल्या आंधळ्या म्हातारीला धरतात.

शनिवारी चुडामण दापोऱ्याला गेला तो वेगळ्याच कामासाठी. बऱ्हाणपुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टर अलकाबाईंकडून त्याने आईच्या ऑपरेशनची तारीख आणली होती, येत्या मंगळवारची. अंगणात गिरधर गाडीचं चाक बदलत होता, गोदाबाई ओट्यावर सुपात चाचपून धान्य निवडत होती. तारीख ऐकल्यावर गिरधर म्हणाला, तारीख बदल, उद्या मी मायला बाबाकडे नेऊ रायलो. चुडामणने त्याला घासणं, कातडं, लॅकर, तेल सगळं सांगितलं. गिरधरने ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मग पाटीवर मोतिया कशाला लिहिलं, दादा?"

"गंमत होती रे ती."

"तुझी गंमत. आणि माझ्या गाडीखाली उद्या पोरगं आलं तर?"

चुडामणने आईचा हात धरला, चल, आत्ताच राजपुऱ्याला चल. गिरधरने टॉमी उचलली. चाकाचे नट फिरवायचा हातभर लोखंडी दांडा. पहिला फटका चुडामणच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. हाड वाजलं ते गोदाबाईलाही ऐकू गेलं. चुडामणनेही सोडलं नाही, डाव्या हाताने भावाचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. भुवई फुटली. दोघं धुळीत लोळले, चाळिशीचे दोन बाप्ये, एकमेकांच्या आईवरून शिव्या देत, आणि आई एकच.

"झालं का?" गोदाबाई ओट्यावरून म्हणाली. "डोळे माझे हायेत का तुमच्या बापाचे? मला विचारलं का कोणी?"

दोघं थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, सुरीचं मला भ्या वाटतं. पण भ्यायची गोष्ट ती नाही. माझ्या डोळ्यापायी कोणाचं लेकरू चाकाखाली येत असेल तर ते पाप घेऊन मी मरणार नाही. उद्या जाऊन येते. राख लावून काय जाणार? आणि मंगळवारी तुझ्या डॉक्टरीणबाईकडेही येईन. दोन्ही लेकांचं मन राहील.

शहाणी बाई होती. पण समोर ठेवलेली गोष्टच खोटी असली की शहाणपण तिच्यावरच चालतं आणि नेमकं खड्ड्यात जातं.

चुडामण कोपर धरून निघाला तेव्हा ती मागून म्हणाली, "जाता जाता सरूच्या घरी डोकाव. तिला बाबानं अकरा दिवसांपूर्वी डोळ्यात भस्म घातलं. रात्रभर कण्हते. तिचा लेक म्हणतो, पाप जळू रायलं."

सरुबाईचं घर चार दारं सोडून होतं. लेक बाजारात गेलेला. सून, सुलभा, दार अडवून उभी राहिली. बाबाने बजावलं होतं, एकवीस दिवस पट्टी सोडायची नाही, पाणी लावायचं नाही, आग झाली तर समजायचं पाप जळतंय. चुडामण काही बोलला नाही. त्याला वास आला होता. मेलेल्या उंदराचा येतो तसा. सुलभालाही तो कित्येक दिवस येत होता. शेवटी ती बाजूला झाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

पट्टी पुवाने चिकटली होती. कोमट पाणी लावून सोडली तेव्हा सरुबाई किंचाळली नाही, किंचाळायचं त्राण संपलं होतं. पापणीच्या आत डोळा नव्हता. उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं काहीतरी होतं, त्याच्या कडेने राखेचे कण रुतलेले. बुबुळ नाही, बाहुली नाही. चुडामणने अपघातात फुटलेली तोंडं पाहिली होती, सीटवरचं रक्त धुतलं होतं. पण असं काही नाही. आपली पाटी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रिक्षातून दोघांनी तिला अलकाबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हातमोजे काढले आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. हा डोळा गेला, त्या म्हणाल्या. राखेबरोबर यात काहीतरी जाळणारं होतं, आणि वरून घासलंय. चुडामणने त्यांना गाडीच्या मोतियाचं सांगितलं. शब्द माझा आहे, असंही सांगितलं. तेव्हा त्या पहिल्यांदा रागावल्या.

"अहो मिस्तरी, गाडीचा मोतिया बाहेर असतो, काचेच्या वर. म्हणून तो घासून निघतो. माणसाचा मोतिया आत असतो, बाहुलीच्या मागे. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, ते वयाने गढूळ होतं. वरून कितीही घासा, तिथपर्यंत हात पोचतच नाही. घासली जाते ती पुढची चांगली काच. तुम्ही लाइटच्या आतला बल्ब गेला म्हणून वरची काच फोडाल का?"

त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते त्याने पक्कं ध्यानात ठेवलं: कोणाच्या डोळ्यात असलं काही गेलं तर आधी पाणी. अर्धा तास पाणी. माझ्याकडे यायची घाई नंतर. या बाईला पहिल्या पाच मिनिटांत कोणी पाणी घातलं असतं तर कदाचित डोळा वाचला असता.

पोलीस चौकीवर त्या स्वतः बोलल्या. तिथून उत्तर आलं, घरच्यांची तक्रार आणा. सरुबाईच्या लेकाने तक्रार दिली नाही. तो म्हणाला, एकवीस दिवस व्हायच्या आत तुम्ही पट्टी सोडलीत, डोळा तुम्हीच घालवलात.

रविवारी सकाळी अकरा वाजता चुडामण मांडवात पोचला. कोपर सुजून भोपळ्याएवढं झालं होतं. खिशात शांपूच्या चार पुड्या होत्या. गोदाबाई पाटावर बसली होती, रांगेत पहिली. हातात हळद-कुंकवाचं ताट, कपाळावर मळवट. मागे गिरधर, फुटलेल्या भुवईला पट्टी. माणसं पाचशेच्या वर, बायाच जास्त, कारण माणसाचा डोळा उघडायची ही पहिलीच जाहीर वेळ होती. सरुबाईचा घरात, दार लावून उघडला होता.

डोळ्याआधी सरावाला एक गाडी उघडून झाली होती. पांढरी मोटार, लाइट लखलखत होती. चुडामण सरळ तिच्यापाशी गेला, तांब्यातलं पाणी ओतलं, शांपू चोळला, पुन्हा पाणी ओतलं आणि सदऱ्याने पुसलं. तेल निघून गेलं. लाइट दुधाचा हात लागल्यासारखी धुरकट झाली, आणि तिच्यावर फडक्याचे गोल गोल ओरखडे उमटले.

"हे बघा," तो ओरडला. "हा चमत्कार एका पुडीत धुऊन गेला. हे मी रोज करतो. आणि सरुबाईचा डोळा यानेच गेलाय. काल मी पाह्यला. पांढरा झालाय, कुजलाय."

क्षणभर पाचशे माणसं खरंच विचारात पडली. तो क्षण चुडामणला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिला. मग बाबा खेदाने मान हलवत बोलला.

"पापी का हाथ लगा. दिसलं ना सगळ्यांना? ज्याचा हात लागला आणि ज्योत गेली, तो कोण?"

झालं. विचार संपला. डोळ्यांसमोर शांपूने तेल धुतलं होतं आणि लोकांना दिसलं ते पाप.

"मग तूच घाल," चुडामण म्हणाला. "तुझ्या डोळ्यात घाल. चिमूटभर. मी तुझ्या पायावर डोकं ठेवतो."

बाबाचा हात डब्याकडे गेला नाही, दाढीकडे गेला. हे फार थोड्यांनी पाहिलं, कारण तोवर यादवने चुडामणच्या पोटात लाथ घातली होती. मग कोणाची चप्पल, कोणाचा नारळ. एक नारळ त्याच्या कानशिलावर फुटला, पाणी आणि रक्त एकदमच मानेवर आलं. सुजलेल्या कोपरावर कोणीतरी उभा राहिला. ज्यांच्या गाड्यांचे डेंट त्याने काढले होते, ते त्याच्या बरगड्यांत डेंट पाडत होते.

"मारू नका," बाबा म्हणाला. आवाज अगदी मवाळ. "आंधळा आहे बिचारा. त्याचाच डोळा उघडा. भला होईल त्याचं."

चौघांनी त्याला जमिनीवर दाबलं. डोक्याशी गुडघे रोवून ज्याने दोन्ही हात धरले तो गिरधर होता. तोही रडत होता, म्हणत होता, दादा, एकदा घालून घे, तुझंच भलं होईल. यादवने उजव्या डोळ्याची पापणी अंगठ्याने वर केली आणि भस्म भरलं. मग फडक्याने घासलं. गोल. गोल.

चुडामण लहानपणी कोयत्यावर पडला होता, मांडीचं हाड उघडं पडलं होतं, तेव्हाही असा आवाज त्याच्या तोंडून निघाला नव्हता. गोदाबाईने तो आवाज ओळखला आणि पाटावरून उठली. ताट तिच्या हातातच राहिलं.

"पाणी," चुडामण ओरडत होता. "पाणी घाला. गिरध्या, पाणी."

"पाणी नको, पाप विझेल," बाबा म्हणाला.

"गिरध्या," गोदाबाई म्हणाली, "माठ आण."

आईचा तो आवाज ऐकून गिरधरचे हात सुटले. पिण्याच्या पाण्याचा माठ त्याने उचलून आणला आणि भावाच्या तोंडावर ओतायला लागला. यादव आडवा आला तर त्याला डोक्याने ढकललं. गोदाबाई चाचपत खाली बसली. लेकाचा चेहरा तिने हातांनी शोधला. गालावर ओली राख होती, ती बोटांना लागली. तिने बोटं एकमेकांवर चोळली. पुन्हा चोळली. मग नाकाशी नेली.

"हे बुळबुळ लागू रायलं," ती म्हणाली. "ए बाबा, ही तर केळीच्या खांबाची राख हाये. धुण्याची."

तिच्या बोटांना ती राख पाठ होती. तरुणपणी साबण परवडत नव्हता तेव्हा दापोऱ्यातल्या बाया केळीचे वाळके खांब जाळून त्या राखेने धोतरं धुवायच्या. मळ निघायचा आणि हाताची सालंही निघायची. पण एवढ्यावर ती थांबली नाही. ताटातली हळद तिने मूठभर घेतली, बोटांवरच्या राखेत कालवली आणि हात वर धरला.

"मला दिसत नाही. तुम्ही सांगा. रंग कोणता?"

हात लालभडक झाला होता. ओल्या कुंकवासारखा.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "चुना हाये त्याच्यात." मग दुसरी म्हणाली. मग मांडवभर तोच शब्द फिरला. त्या मांडवात तीनशे बाया होत्या, आणि हळदीत चुना किंवा राखेचा खार पडला की ती लाल होते, हे त्यातल्या एकूण एकीला माहीत होतं. घरी कुंकू करताना आईच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. हे शिकायला शाळा लागली नव्हती, डॉक्टर लागला नव्हता. हळदीची ताटं घेऊन दोन महिने त्या बाबासमोर बसत होत्या आणि ताटातली चिमूट डब्यात टाकून बघावी असं एकीलाही सुचलं नाही. मला राग बाबाचा येतो त्याहून जास्त याचा येतो.

"तुम्हाला दिसतं ना सगळ्यांना?" गोदाबाई म्हणाली. "मग माझ्यासारखे चाचपत का चालू रायले?"

त्यानंतर जे झालं ते सांगायला आवडत नाही, पण झालं. ज्या हातांनी चुडामणला दाबलं होतं तेच हात बाबावर पडले. तीच चप्पल, तेच नारळ. यादव पुलाकडे पळाला, पण तिथेच सापडला. बाबाचे पुढचे दात गेले, हात खांद्यातून निखळला. कफनी फाटली तर आत सोन्याची साखळी नव्हती, राक्षस नव्हता, नुसता घाबरून मुतलेला एक माणूस होता. कोणीतरी चुन्याची डबी शोधून आणली आणि ती त्याच्या डोळ्यात ओतायला निघाला.

चुडामण माठाच्या धारेखाली डोळा धरून बसला होता. त्याही अवस्थेत तो ओरडला, ओतू नका, जिवंत ठेवा त्याला, आणखी किती जणांना घातलं ते कोण सांगेल? आणि भस्माचा डबा सांडू नका, तो डॉक्टरला लागेल, पोलिसाला लागेल. दोनदा ओरडला, कोणी ऐकलं नाही. चुन्याची डबी घेतलेला तो हात गिरधरने धरला आणि पिरगाळला, तेव्हा थांबलं.

डबा मात्र सापडेना. चौकीवरचे लोक आले, तेव्हा गोदाबाई उठून उभी राहिली. ती त्याच्यावर बसली होती.

अर्धा तास पाणी घातलं, तीन माठ रिकामे झाले. मग अलकाबाईंकडे. डब्यात निघालं ते म्हातारीने सांगितलं तेच: केळीच्या खांबाची चाळलेली राख, विरलेला चुना, आणि गाडीचं रबिंग. प्लास्टिकचं कातडं सोलायला बरोबर. डोळ्याचंही सोललं. बाबाने आणखी चार गावांतली सात नावं सांगितली. त्यातल्या पाच जणांच्या पट्ट्या अजून बांधलेल्याच होत्या, आत पाप जळत होतं. दोघांचे डोळे थोडे वाचले. सरुबाईचा उजवा गेला तो गेला. डाव्यातला मोतिया नंतर डॉक्टरीणबाईंनी काढला आणि आता ती त्या एका डोळ्याने लेकाकडे बघते. तो तिच्याकडे बघत नाही.

चुडामणचा उजवा डोळा अर्धा राहिला. बुबुळावर नखाएवढा पांढरा डाग आहे, त्यातून त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. पाण्याने वाचला तो एवढा. पट्टीने सरुबाईचा गेला तो पुरा. दोन्हीत फरक देवाचा नव्हता, अर्ध्या तासाचा होता.

गोदाबाईचं ऑपरेशन आठवडाभराने झालं. पट्टी सुटली तेव्हा दोन्ही लेक समोर उभे होते. तिने आधी गिरधरच्या भुवईचा वण पाहिला, मग चुडामणचं बोट धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या उजव्या डोळ्यातला डाग पाहिला.

"हा निघत नाही का रे?" तिने विचारलं.

"नाही, माय. हा घासून आलाय. घासून जात नाही."

गिरधर बाहेर जाऊन गाडीत बसला. त्याच्या गाडीच्या लाइट चुडामणने एका डोळ्याने, एका हाताने घासून दिल्या. वर लॅकरचे दोन हात मारले. तीन उन्हाळे झाले, अजून स्वच्छ आहेत. त्या गाडीवर कोणी हार घालत नाही.

राजपुऱ्यातली पाटी त्याने खरवडून काढली. नवी आहे ती अशी: 'गाडीच्या धुरकट लाइट साफ करून मिळतील. वर लॅकर मारून घ्या, नाहीतर येऊ नका. माणसाचा मोतिया आत असतो. त्याला डॉक्टर.' ड्रायव्हर हसतात. हसू देत.

आता तुम्हाला सांगतो, सरळ. दोन गोष्टींना एकच नाव असलं म्हणून त्या एक होत नाहीत. लख्ख झालं म्हणजे बरं झालं असं नाही. महिन्याने काय उरलं ते बघा. आग होत असेल तर ते पाप जळत नाही, तुम्ही जळताय. आणि जो म्हणतो पट्टी सोडू नका, पाणी लावू नका, विचारू नका, तो तेवढ्या दिवसांत पुढच्या गावी पोचणार असतो. पुढचा बाबा गाडी पुसणार नाही, मोबाइल पुसेल, बोअरवेल पुसेल, तुमच्या मुलीचं कपाळ पुसेल. तेव्हा पुस्तक शोधू नका, मला शोधू नका. घरात हळद आहे ना? आधी तिची चिमूट टाकून बघा. मग ज्याला करायचा त्याला नमस्कार करा.